नोकरी, घर आणि आपली चार पानं: इंदूरच्या हौशी लिहिणाऱ्यांसाठी

इंदुरात मराठी घरांमध्ये लिहिणाऱ्यांची कमतरता नाही. रामबागेत, राजेंद्रनगरात, सुदामानगरात कुणाकडेही जाऊन बसा, चहा येईपर्यंत कळतं की काका आठवणी लिहिताहेत, वहिनींनी नर्मदेकाठच्या प्रवासाचं काहीतरी लिहून ठेवलंय, मुलीची डायरी कपाटात कपड्यांखाली आहे. पुढे विचारलं की उत्तर ठरलेलं: "होतं चालू, पण आता वेळच मिळत नाही."

हा लेख त्यांच्यासाठी. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे. घरी सासूबाई, नवरा आणि सातवीतली मुलगी. मला पुस्तक काढायचं नाही, लिहून पैसे मिळवायचे नाहीत. रोजच्या जगण्यातलं थोडं लिहून ठेवायचं आणि ओळखीच्या पाच-पंचवीस माणसांना वाचायला द्यायचं, एवढाच खटाटोप. ज्यांना कादंबरी लिहायची आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. त्यांचं गणित वेगळं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. लिखाण लहान ठेवा, त्याची वेळ घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आणि ज्या सुखांबद्दल लिहायचं ती सुखं लिखाणापायी घालवू नका. बाकी सगळा तपशील.

काय काय जमवायचं

- पर्समध्ये किंवा खिशात मावेल अशी वही. खजुरी बाजारात डझनावर स्वस्त मिळते. महागडी, चामडी पुठ्ठ्याची घेऊ नका. तिच्यात काही 'फालतू' लिहायला हात धजत नाही आणि सुरुवातीला फालतूच लिहायचं असतं.
- मराठी कीबोर्ड बसवलेला फोन. जमलं तर संगणक.
- भिंतीवरचं मराठी कॅलेंडर, ज्यावर घरातले सगळे खुणा करतात.
- घरातल्या निदान एका माणसाची संमती. वही नसली तरी बिलाच्या पाठीमागे लिहिता येईल, संमतीचं तसं नाही.

१. आधी आठवड्याचा जमाखर्च मांडा

एक आठवडा काहीही न लिहिता फक्त वेळ टिपा. सकाळी किती वाजता उठलो, डबे कधी झाले, बस कधी, घरी कधी, झोप कधी. मग प्रत्येक मोकळ्या तुकड्यापुढे 'ताजा' किंवा 'थकलेला' असं लिहा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो: ते रात्री दहानंतरचा वेळ मोकळा म्हणून धरतात. तो वेळ मोकळा असतो, पण तेव्हा डोकं चालत नाही. दहानंतर लिहायला बसणारा माणूस अर्ध्या तासात फोनवर दुसऱ्यांचं काहीतरी बघत असतो.

दुसरं टोक पहाटे चारचं. "उद्यापासून चारला उठून लिहिणार" हा संकल्प मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय. डबा करून सातची बस पकडणाऱ्या बाईनं तर त्याच्या वाटेला जाऊच नये. झोप मोडून आणलेला तास दुपारी ऑफिसात व्याजासकट परत द्यावा लागतो.

कंपनीच्या बसनं जाणाऱ्यांना एक फायदा आहे. सकाळी निम्मी बस झोपलेली असते आणि राऊपर्यंत सहसा कुणी बोलत नाही. ही वेळ लेखाची नव्हे, टिपणाची. परतीच्या बसमध्ये मात्र काही करू नका. खिडकीबाहेर बघा, शेजारणीशी गप्पा मारा.

२. एकच वेळ ठरवा आणि घरात जाहीर करा

आठवड्यातून एकदा, सव्वा ते दीड तास. माझा रविवार सकाळी साडेसहा ते आठ. दोन-तीन वेळा ठरवल्यात तर एक चुकली की दुसरीवर ढकलाल आणि दुसरी चुकली की तिसरीवर. एकच असली की ती चुकल्याचं कळतं.

ठरवण्यापेक्षा जाहीर करणं अवघड. चोरून लिहिणाऱ्याला कुणीही उठवतं, आणि उठवणाऱ्याची त्यात काही चूक नसते. त्याला काय माहीत तुम्ही काय करताय? आमच्याकडे झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, कारण तुमच्याकडेही साधारण असंच होईल:

"म्हणजे रविवारी सकाळी मी तुला हाक मारायची नाही?"

"मारा की आई, पण आठनंतर."

"आणि दूध उतू गेलं तर?"

"तर लगेच मारा."

"मग ठीक आहे. पण चहा कोण करणार?"

चहाचा प्रश्न खरा होता. तो नवऱ्यानं उचलला. रविवारी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की ओला-सुका डबा घेऊन खाली जाणं मुलीनं उचललं. या दोन बारीक गोष्टी ठरल्या नसत्या तर दीड तासाचे तीन तुकडे झाले असते. तुमच्या घरी दूधवाला असेल, पाण्याची मोटर असेल, देवपूजेची फुलं असतील. त्या वेळेत दारावर, गॅसवर, फोनवर काय काय येतं याची यादी करा आणि एकेका बाबीवर माणूस नेमा.

बदल्यात काहीतरी द्यायला लागतं. सासूबाईंची मंगळवारची भजनी मंडळी घरी आली की चहा-फराळ माझ्याकडे, त्यांनी उठायचं नाही. नवऱ्याच्या शनिवारच्या बॅडमिंटनला मी "आज नाही गेलात तर?" असं विचारत नाही. एकट्यासाठीच वेळ मागितलात तर घर दोन महिने मानेल, तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होईल.

आणि आठ म्हणजे आठ. वाक्य अर्धं असलं तरी वही मिटायची. आमच्याकडे आठला पोहे-जिलेबीचा पुडा येतो. "एवढं संपवते" म्हणत पोहे गार होऊ दिलेत तर पुढच्या रविवारी कुणी आणणार नाही. शिवाय अर्धवट सोडलेलं वाक्य पुढच्या वेळी सुरुवातीला उपयोगी पडतं, कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

३. रोज तीन ओळी, त्यापेक्षा जास्त नाही

लेख आठवड्याला, टिपण रोज. तीन ओळी: काय पाहिलं, काय ऐकलं, काय वाटलं. तिसरी ओळ सुचली नाही तर सोडून द्या, पहिल्या दोन सोडू नका.

नवख्यांची टिपणं बहुतेक अशी असतात: "आज सराफ्यात गेलो. खूप गर्दी होती. मजा आली." महिन्यानं यातून काही निघत नाही. माझ्या वहीतलं एक टिपण बघा, पोह्यांच्या गाडीवरचं (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला):

"खाली पाण्याचं पातेलं उकळतंय, वर पोह्यांचा ढीग. झाऱ्यानं कडेचे पोहे मधे, मधले कडेला. जीरावनाची डबी म्हणजे जुनी पावडरची डबी, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, एक भोक मोठं पडलंय म्हणून तो डबी तिरकी धरतो. गिऱ्हाईक: भिया, सेव थोडी और."

लेखात यातलं एकच टिकलं, तिरकी धरलेली डबी. इंदूरचे पोहे वाफेवर गरम राहतात, त्यात बडीशेप असते, वर जीरावन आणि सेव पडते, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. ती डबी मात्र त्यानं रोज पाहूनही पाहिलेली नसते. टिपण करताना हेच शोधायचं: सगळ्यांसमोर असलेलं, पण कुणी न सांगितलेलं.

ऐकलेलं बोलणं ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत लिहा. आपल्याकडे एका वाक्यात मराठी, हिंदी आणि माळवी तिन्ही येतात. पात्राच्या तोंडी पुण्याची मराठी घातलीत तर ते पात्र खोटं वाटतं. निवेदनात मात्र हिंदीची सरमिसळ होत नाही ना, हे एकदा तपासा. मुद्दाम केली असेल तर गोष्ट वेगळी.

बोलून टिपण करायचं असेल तर फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवून बोलायचं. शांत जागी बरं चालतं. बसमध्ये, रस्त्यावर चालत नाही. विरामचिन्हं बऱ्याचदा गळतात, म्हणून त्याच दिवशी वाचून घ्या. आठवड्यानं वाचलंत तर आपणच काय बोललो होतो ते कळत नाही.

४. मराठी टायपिंगची बैठक नीट घाला

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना इथे खास अडचणी येतात, म्हणून जरा सविस्तर.

फोनवर: आपल्या बहुतेकांच्या फोनमध्ये हिंदी कीबोर्ड आधीपासून असतो आणि 'देवनागरीच तर आहे' म्हणून लोक त्यावरच मराठी लिहितात. मग शब्दसुचवणी हिंदी येते, 'ळ' शोधावा लागतो, आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला ऱ्य-ऱ्ह नीट उमटत नाही. जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत जाऊन मराठी वेगळी जोडा. तिथे दोन तऱ्हा मिळतात: सरळ देवनागरी कळांची, आणि रोमन अक्षरं टाइप केली की मराठी उमटवणारी. पन्नाशीच्या पुढच्यांना पहिली आवडते, मुलांना दुसरी. कुठलीही घ्या, पण मराठी म्हणून जोडलेली घ्या.

संगणकावर: विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंग्जमधून मराठी जोडता येते, आणि विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कळांची ठरीव मांडणी) शिकायला पंधरा-वीस दिवस रोज थोडा सराव लागतो, पण एकदा हात बसला की हिंदी-मराठी दोन्हीला तोच चालतो. त्यात शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. शिकायचं नसेल तर नव्या विंडोजमध्ये मराठी फोनेटिकही आहे.

सापळा: क्रुतिदेव हा जुना फॉन्ट. इथल्या सरकारी कचेऱ्यांत, वकिलांकडे, टायपिंगच्या दुकानांत वर्षानुवर्षं क्रुतिदेव चालला. त्यात पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरं साठवलेली असतात. असा लेख कुणाच्या फोनवर पाठवलात की त्याला अगम्य रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. जुनं लिखाण क्रुतिदेवमध्ये पडलेलं असेल तर युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या देवनागरीत) बदलून देणारी साधनं मिळतात; बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घाला, ती दोन सर्वांत जास्त घसरतात. नवं काही क्रुतिदेवमध्ये लिहू नका. ज्यांनी नोकरीसाठी सीपीसीटी (मध्य प्रदेशातली संगणक-टायपिंगची परीक्षा) देताना रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरची पद्धत शिकली आहे, त्यांना तीच बोटं युनिकोडमधल्या रेमिंग्टन गेल कीबोर्डवर वापरता येतात. नव्यानं काही शिकायला नको.

फॉन्टचा नाद लिहून झाल्यावर. छापताना मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' हा मोफत फॉन्ट चांगला आहे.

५. लेखाचं माप

चारशे ते सहाशे शब्द. एक प्रसंग, एक माणूस किंवा एक जागा. पहिल्या रविवारी मसुदा, दुसऱ्या रविवारी काटछाट, मग पाठवून द्या. तिसऱ्या वेळी उघडू नका.

६. घरातल्या आणि ऑफिसातल्या माणसांबद्दल लिहिताना

घरातला समतोल बिघडतो तो बहुधा वेळेवरून नाही, यावरून बिघडतो. नियम सोपा ठेवा: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला पाठवण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते काढायचं, वाद न घालता. मी सासूबाईंच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांवर लिहिलं तेव्हा त्या ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ते बांगड्या गहाण ठेवल्याचं काढ, बाकी राहू दे." लेखातला तोच सगळ्यात चांगला भाग होता. काढला. त्यानंतर त्यांनी आपण होऊन जुन्या इंदूरच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की माझ्या वह्या भरल्या: अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून पाहिलेल्या गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ), भोंग्यावर लागणारं घड्याळ.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. सातवीतल्या मुलीला आईनं लिहिलेलं गमतीचं वाटत नाही, तिच्या मैत्रिणींच्या आयाही ते वाचतात. मार्क, आजारपण, रडणं, भांडण यांवर लिहू नका. शाळेचं नाव नको.

शेजाऱ्यांचं नुसतं नाव बदलून भागत नाही. आपला समाज या शहरात इतका एकमेकांत गुंतलेला आहे की "राजेंद्रनगरातले एक निवृत्त मास्तर, मुलगा अमेरिकेत" एवढ्यावर वाचक माणूस ओळखतो. पेशा बदला, वस्ती बदला, किंवा दोन माणसांचं एक करा.

ऑफिसबद्दल: पगार, दर, पुरवठादार, अपघात, वरिष्ठांचे स्वभाव, सगळं वर्ज्य. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम काढून वाचा. डब्यातली देवाणघेवाण, बसमधल्या गप्पा, गेटवरचा चहा यांवर लिहायला कुणाची हरकत नसते, आणि खरं तर वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

सरकारी नोकरांनी आपापले आचरण नियम बघावेत. केंद्राचे १९६४ चे आहेत, मध्य प्रदेशाचे १९६५ चे. केंद्राच्या नियमांत अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक कामाला आधी परवानगी लागत नाही. सरकारी धोरणावर टीका आणि कार्यालयातली माहिती बाहेर देणं मात्र चालत नाही. शंका असेल तिथे आस्थापना शाखेत लेखी विचारा, तोंडी 'हो'वर विसंबू नका.

आणखी एक: लेखात दुसऱ्याची कविता किंवा गाणं पूर्ण उतरवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं हक्क राहतो.

७. सुख आधी, टिपण नंतर

लिहायची सवय लागली की एक वाईट खोड मागून येते: प्रत्येक गोष्ट 'यावर लिहिता येईल' या नजरेनं दिसू लागते. थंडीत सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) समोर आलाय, मसाला वरून पडतोय, आणि हा माणूस फोन काढून टाइप करतोय. तोवर गराडू निवला, बरोबरच्यांचा विरस झाला.

म्हणून काही जागा मी सरळ सोडून दिल्या आहेत. तिथे वही नाही, फोन नाही. सराफा त्यातली पहिली. सिरपूर तलावाकाठची सकाळची चक्कर दुसरी. तिथे पक्षी बघायचे, नवऱ्याशी बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. सानंद या संस्थेचं नाटक तिसरी. नाटकाहून येताना गाडीत "अगं, तो दुसरा अंक..." असं जे बोलणं होतं, ते मला लेखापेक्षा मोलाचं वाटतं. रात्री जेवणानंतर ओटल्यावर बसायची आमच्या गल्लीची पद्धत अजून टिकून आहे, तिथेही नाही.

घरी आल्यावर जे आठवलं ते टिपायचं, विसरलं ते विसरलं. तुमच्या जागा वेगळ्या असतील, पण निदान दोन ठरवा आणि मुलांना सांगून ठेवा. नियम मोडलात की ती लगेच पकडतात.

८. खंड पडणारच, तो कॅलेंडरवर आधीच लिहा

गणपती, दिवाळीच्या फराळाचे दिवस, घरातलं लग्न, मुलांच्या वार्षिक परीक्षा, रंगपंचमीच्या गेरीचा (रंगाच्या मिरवणुकीचा) आठवडा. आमच्यासारख्यांना ३१ मार्च आणि दर महिन्याला जीएसटीची २० तारीख. या दिवसांवर वर्षाच्या सुरुवातीलाच 'लिखाण बंद' असं लिहून टाका. ठरवून बंद ठेवलेलं परत सुरू होतं, आपोआप बंद पडलेलं राहूनच जातं.

खंडानंतर पहिला लेख मोठा करायला जाऊ नका. जुन्या वहीतलं एक टिपण घ्या आणि शंभर-दीडशे शब्दांत उरका. "खूप दिवसांनी लिहितेय, माफ करा" अशी सुरुवात तर मुळीच नको. वाचणाऱ्यांनी दिवस मोजलेले नसतात.

९. वाचायला कुणाला द्यायचं आणि जपायचं कसं

घरच्या मोठ्या व्हॉट्सॲप गटात टाकू नका. तिथे लेख सुप्रभाताच्या चित्रांखाली गाडला जातो आणि दोन अंगठे पाहून तुमचा हिरमोड होतो. पाच-सात माणसं निवडा, एकेकाला पाठवा, उत्तराची अपेक्षा ठेवू नका. एखादा तरी वाचक इंदूरबाहेरचा असावा. आपण गृहीत धरलेलं त्याला कळत नाही आणि तो विचारतो.

मराठी वाचणारे इथे कुठून मिळणार, हा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तीनदा भरलं आहे, १९१७, १९३५ आणि २००१ साली. महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना जात राहा. एक-दोनदा गेलात की लिहिणारी-वाचणारी माणसं भेटतात, आणि ती समोरासमोर बोलतात.

जपण्याचं काम वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत. सगळे लेख एका फाइलमध्ये ओळीनं लावा, एक प्रत ईमेलवर स्वतःलाच पाठवा, एक पेन ड्राइव्हवर. मग ए-फोर कागदावर छापून स्पायरल बाइंडिंग करा. अक्षर चौदा पॉइंटांहून लहान नको, घरातली वाचणारी माणसं बहुतेक चष्म्याची असतात. कागदाच्या एकाच बाजूला छापा, म्हणजे कोऱ्या बाजूवर सासूबाईंसारख्यांना पेन्सिलीनं दुरुस्त्या करता येतात. दुकानात देताना डावीकडचा समास चांगला दीड इंच सोडलाय ना ते बघा, नाहीतर भोकं पहिल्या अक्षरांवर पडतात.